स्थानकाबाहेरची पहिली पाचशे पावले

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान रेल्वेमार्गावर बारा स्थानके होत असून त्यांपैकी मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रात आहेत. गाडीच्या वेगावर बोलणे पुष्कळ होते. पण प्रवासी बाहेर पडल्यावर त्याच्या पायांखाली कोणते शहर येते, याचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो.

फ्रान्समध्ये आमियां आणि सें-कांतां या दोन गावांच्या मधोमध, शेतात बांधलेल्या अशाच एका स्थानकाला लोकांनी ‘बिटाचे स्थानक’ असे नाव ठेवले. आपल्याकडे असते तर उसाचे म्हटले असते, इतकेच. लील शहरात स्थानक भरवस्तीलगत आले खरे, पण दोन स्थानकांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या अवाढव्य व्यापारी संकुलाने वर्दळ आपल्याच पोटात ओढून घेतली, असे मला वाटते.

लंडनच्या किंग्ज क्रॉसची गोष्ट निराळी आहे. शेजारच्या सेंट पँक्रसमध्ये २००७ साली अतिवेगवान गाड्या येऊ लागल्या, आणि मागच्या ६७ एकर रेल्वे-जमिनीच्या आराखड्यात इमारतींइतकेच महत्त्व वीस नव्या रस्त्यांना आणि दहा चौक-बागांना मिळाले. १८५२ सालचे धान्याचे कोठार पाडले नाही; तिथे आज कलामहाविद्यालय भरते आणि दारासमोरच्या चौकातल्या कारंज्यांत मुले भिजत असतात.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. आपल्याकडे १८९१ साली रेल्वे आली आणि चारच वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली अशी ओळीने मांडलेली, खाली गुळाच्या ढेपा रचलेली अडत आणि वर बिऱ्हाड असलेली ती वस्ती म्हणजे, आजच्या नियोजकांच्या भाषेत, मिश्र वापराचा स्थानक परिसरच होय. आपल्याच रुळांनी मात्र शहराचे दोन भाग केले, आणि जोराचा पाऊस झाला की रुळांखालून जाणाऱ्या पारीख पुलाखालच्या वाटेत पाणी साचते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेत आपलेही स्थानक आहे. तेव्हा दर्शनी कमानीचे चित्र बाजूला ठेवून आधी हे पाहावे, की रुळांपलीकडच्या राजारामपुरीतली म्हातारी, हातात पिशवी घेऊन, भर पावसात, कोरड्या पायांनी फलाटापर्यंत पोहोचते का.