तापलेलं डुक्कर बाजारात जातं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आज डुकरांच्या आफ्रिकन स्वाइन फीवर या विषाणूजन्य रोगाबद्दल बोलू या. भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा सापडला. पुढच्या वर्षी तो मिझोराममध्ये शिरला आणि २०२२ मध्ये थेट केरळच्या वायनाडमध्ये निघाला. हा रोग माणसाला होत नाही. स्वाइन फ्लूशी त्याचं काही नातं नाही.

डुकराला मात्र त्यातून सुटका नाही. अंगात सणकून ताप भरतो, जनावर खाणं टाकतं, कान आणि पोटाखालची कातडी लालनिळी पडते. आठ-दहा दिवसांत सगळी शेड रिकामी होऊ शकते. आपल्याकडे जुना क्लासिकल स्वाइन फीवर आहे, त्याचीही लक्षणं अशीच. पण त्याची लस मिळते. आफ्रिकन स्वाइन फीवरची लस व्हिएतनामने वापरायला काढली आहे. आपल्या वराहपालकाच्या हाती अजून काही नाही. दोन्ही रोग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. त्यासाठी नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात.

मिझोराममध्ये घरामागे बांबूच्या गोठ्यात दोन-तीन डुकरं असतात. पोराची फी, घरातलं लग्न, नाताळचं जेवण, सगळं त्यांच्यावर निघतं. रोग आला की बाधित जागेभोवतालच्या एक किलोमीटरमधली डुकरं मारून खोल पुरतात. सरकार भरपाई देतं, पण ती अशा मारलेल्या डुकरांची. रोगाने आधीच मेलेल्याची नाही. आता अशी तीन डुकरं पाळणाऱ्या एखाद्या बाईच्या जागी उभं राहून बघा. पहिल्या डुकराला ताप आला, उरलेली दोन धडधाकट दिसताहेत. खबर दिली तर तिन्ही जाणार आणि पैसे कधी येतील ठाऊक नाही. खाटीक आजच रोख देतोय. ती विकणारच. मी तिला दोष देणार नाही.

पण हा विषाणू मांसात टिकतो, गोठवलेल्या मांसात तर महिनोन्‌महिने. ते मांस हॉटेलात जातं, खरकटं दुसऱ्या गावच्या डुकरापुढे पडतं आणि रोग न चालता शंभर मैल जातो. २००७ मध्ये तो जॉर्जिया या देशात पोचला तो बंदरावर उतरलेल्या जहाजांच्या खरकट्यातूनच, असं मानलं जातं. २०१८ मध्ये चीनमध्ये शिरला, आणि वर्षभरात तिथली डुकरं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली. पोर्कचे भाव दुप्पट झाले. सरकारला साठ्यातलं गोठवलेलं मांस बाजारात आणावं लागलं.

एकदा शेड रिकामी झाली की भरायला वेळ लागतो. मादी ११४ दिवस गाभण राहते, पिल्लू विक्रीला यायला पुढे आठ-दहा महिने. त्याआधी शेड निर्जंतुक करून काही काळ मोकळी ठेवायची. म्हणजे वर्षाहून जास्त काळ उत्पन्न शून्य. म्हणून माझं ठाम मत आहे की भरपाई हातात लवकर पडली पाहिजे, औषधासारखी वेळेवर. उशिरा आलेले पैसे त्या घराला मदत करतील, पण रोग तोवर पुढच्या जिल्ह्यात गेलेला असेल.

महाराष्ट्रात, गोव्यात जे डुकरं पाळतात, त्यांनी हॉटेलचं खरकटं घालायचंच असेल तर ते अर्धा तास खळखळ उकळून मगच घालावं. खाटकाला, व्यापाऱ्याला शेडमध्ये घेऊ नये. नवीन जनावर महिनाभर वेगळं बांधावं. आणि एखादं डुक्कर तापाने मेलं तर दुसरं विकण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ हा फोन विनाशुल्क आहे.