चौकटीतला माळ

(दृश्य: ऑक्टोबरची सकाळ. उतारावर गवत हलतंय. दहा सेकंद फक्त वाऱ्याचा आवाज.)

कागदावर हा माळ पडीक आहे.

पुणे जिल्ह्याची पूर्व बाजू, बारामती-इंदापूरकडची. सह्याद्रीच्या पलीकडे सगळा पाऊस रिता करून ढग इथवर येतात, त्यामुळे वर्षाला मिळतो तो जेमतेम पाचशे मिलिमीटर. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मधूनच एखादी बोर, एखादा हिवर, एखादी बाभूळ. बाकी गवत.

इथे पूर्वी घनदाट जंगल होतं आणि माणसाने ते तोडलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात कुठे कुठली झाडं येतात, ते काही संशोधकांनी तपासलं आणि २०२५ साली प्रसिद्ध केलं. ओव्यांत, कथांत, आख्यायिकांत येणारी बहुतेक रानझाडं माळरानाचीच निघाली. म्हणजे इथली माळरानं किमान साडेसातशे वर्षांची तरी आहेत. तोडून उरलेलं रान नव्हे हे.

(दृश्य: जुने चर, त्यांच्या कडेने गिरिपुष्पाच्या रांगा. खाली उघडा मुरूम.)

तरीही माळ दिसला की कुदळ येते. आधी सलग समतल चर, मग खड्डे, मग रोपं. गिरिपुष्प, सुबाभूळ, नाहीतर नीलगिरी. चर खणताना मुरूम वर येतो आणि गवताचे जुने ठोंब त्याखाली गाडले जातात. पाच जूनला फोटो चांगले येतात.

(दृश्य: विळ्याने मोकळा केलेला गवताचा ठोंब, मुळांसकट हातात. जवळून.)

हा ठोंब नीट बघा. वर गवत गुडघाभर, पण पसारा सगळा खाली आहे, या केसांसारख्या मुळांच्या जुडग्यात. रोपट्याचा शेंडा शेळीने खाल्ला की रोपटं अडतं. गवताचा कोंब बुडाशी, जमिनीलगत असतो. मेंढरू वरचं खाऊन जातं, बुडातून पुन्हा फुटवा येतो. मात्र रोज, तिथेच, वर्षभर चारलं, तर तोही थकतो. इथे तेच झालं होतं. चांगली गवतं आधी संपली, कारण ती चवीची. उरलं ते कोणी तोंड न लावणारं: तीन कुसळांचं ॲरिस्टिडा, तरोटा आणि अर्थात गाजर गवत.

(दृश्य: गावातल्या बायका विळा घेऊन गवताचे तुरे कापताहेत. पोत्यावर बी वाळत घातलंय.)

हरवलेली गवतं माळावर परत आणायचं काम सुरू झालं ते बियांपासून. बी बाजारातून आणलं नाही. जवळच्याच राखलेल्या कुरणात दिवाळीच्या आगेमागे इथली गवतं पिकतात: शेडा पिकतो, डोंगरी पिकते, कुसळी पिकते. तुरे हाताने ओरबाडायचे नाहीत, देठासकट कापायचे. थोडे तुरे उभ्या गवतावर तसेच ठेवायचे, म्हणजे कुरणालाही बी उरतं. सावलीत वाळवायचं आणि पुढच्या पावसापर्यंत पोत्यात ठेवून द्यायचं. ताज्या बियांना उगवायची घाई नसते. कुसळी तर काही महिने झोपल्याशिवाय उठतच नाही.

(दृश्य: तळहातावर कुसळीचं एक बी. वरून पाण्याचा एक थेंब. कुसळ गोल फिरू लागतं. कॅमेरा हलत नाही.)

हे आम्ही चार वेळा चित्रित केलं, कारण पहिल्या तीन वेळा बघतच राहिलो. कुसळाला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा पडतो. रात्रीचं दव, दिवसाचं ऊन, आणि प्रत्येक फेरीला बियाचं टोक थोडं थोडं मातीत शिरतं. मेंढपाळ यालाच शिव्या घालतात. लोकरीत अडकलं, तर हेच टोक कातडीत शिरतं.

(दृश्य: कोरडा माळ, जूनचं आभाळ. दाताळ्याने वरवर उकरलेली जमीन, बी फेकणारे हात.)

पेरणी धूळपेरणी. पांभर नाही, नांगर तर नाहीच. दाताळ्याने जमीन फक्त खरवडायची आणि शेणमातीत कालवलेलं बी टाकून द्यायचं. खोल गेलेलं बी वर येत नाही. ओलाव्याच्या सखल जागी मारवेल गवताचे ठोंब लावले, पहिला पाऊस झाल्यावर. तरोटा आणि गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं. एकदा उपटून भागत नाही, दर पंधरा दिवसांनी फेरी. चराईबंदी पाळली गेली. मेंढरांना तेवढी वर्षं दुसरीकडे न्यावं लागलं.

(दृश्य: लोखंडी चौकट गवतावर ठेवली जाते. वही. पेन्सिल.)

आता मोजणी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट. माळावर खुंट्या ठोकल्यात, प्रत्येकीवर क्रमांक. चौकट दर वर्षी त्याच खुंटीला, त्याच हंगामात. आपल्या मनाने छान गवत बघून ठेवायची नाही. मोह होतो, म्हणून तर खुंट्या.

सोपा मार्ग वजनाचा. चौकटीतलं गवत कापा, कागदी पिशवीत भरा, ओव्हनमध्ये साठ-सत्तर अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, मग तोला. पण नुसतं वजन फसवतं. पाऊस चांगला झाला, तर उजाड माळावरही ढीगभर गवत येतं आणि अहवाल हिरवा होतो. म्हणून शेजारी न पेरलेला, चरता तुकडा राखलाय. तिथेही तीच चौकट, त्याच दिवशी. पाऊस दोघांना सारखाच.

(दृश्य: दोन विद्यार्थिनी गुडघ्यांवर बसून गवत बाजूला सारताहेत. ठोंबाच्या बुडाला मोजपट्टी.)

या दोघी वर बघतच नाहीयेत. वरचं पान पावसागणिक कमीजास्त होतं. बुड तितक्या लवकर बदलत नाही. ठोंबाने जमिनीवर किती जागा धरली ते त्या मोजतात, आणि तो ठोंब कुणाचा तेही. एकाच वर्षात उगवून मरणारं गवत वेगळ्या रकान्यात, बहुवर्षायू वेगळ्या. माळ सावरतोय की नाही, ते या दुसऱ्या रकान्यात कळतं. तो फार सावकाश भरतो. कुसळी लवकर आली, भरपूर आली. शेड्याने वाट बघायला लावली.

१९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी देशातल्या गवताच्या आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. आपल्या दख्खनचा प्रकार सेहिमा-डायकॅन्थियम. सेहिमा म्हणजे शेडा, डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. ही दोन्ही इथली घरची माणसं. ती परतली का, एवढाच या सगळ्या मोजणीचा प्रश्न आहे.

(दृश्य: म्हातारा मेंढपाळ चौकटीशेजारी उकिडवा बसतो. मूळ आवाज ठेवावा.)

"आबा, हे कुठलं?"

"कुटं गावलं ह्ये?" काडी तोडतात, दातांत धरतात. "शेडा हाय ह्यो. मेंढरू सोडत न्हाय ह्याला."

"नक्की?"

"आगं, माज्या मेंढरास्नी इचार."

गवताला तुरा नसेल, तर ओळखताना शिकलेलेही चुकतात. शिवाय नावं गावागावाला बदलतात. आबांचा शेडा पलीकडच्या तालुक्यात पवन्या होतो. म्हणून वहीत आबांचं नाव एका रकान्यात आणि शास्त्रीय नाव शेजारच्या. दोन्ही जुळली नाहीत, तर काडी कागदात दाबून ठेवायची आणि तुरा येईपर्यंत थांबायचं.

(दृश्य: संध्याकाळ. गवतात चिंकाराची मादी, मान वर. मग फक्त शेपटी.)

जवळच सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ सालचं, सव्वापाच चौरस किलोमीटरही भरत नाही. चिंकारा कुंपण बघून राहत नाहीत. त्यांना लागतो असा उघडा, लांबवर नजर जाणारा माळ. लांडग्यालाही तोच लागतो.

(दृश्य: बांधापलीकडचा माळ. चुन्याने आखलेल्या खड्ड्यांच्या खुणा, सरळ रांगेत.)

हा बांधापलीकडचा तुकडा. पाऊस पडला की इथे रोपं येतील.

(दृश्य: विद्यार्थिनी चौकट खांद्याला अडकवून उतारावरून चालल्यात. आबा मागे.)

पुढची मोजणी पुढच्या ऑक्टोबरला. खुंटी क्रमांक एकपासून.