शंभर सँडविच आणि दोन तास

[दृश्य : रात्रीचा द्वारका चौक, उड्डाणपुलाखालची अंथरुणं]

नाशिकमध्ये उघड्यावर झोपणाऱ्यांना सँडविच वाटायच्या कामाची सुरुवात आदल्या रात्री होते. दोघं जण गाडीवरून फेरी मारतात : नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर, द्वारकेच्या पुलाखाली, जुन्या सीबीएस बसस्थानकाच्या आसपास, मग गाडगे महाराज पुलाकडून गोदाघाटावर. कुठे किती माणसं आहेत, त्यांत म्हाताऱ्या किती, लहान मुलं किती, एवढंच वहीत लिहायचं. ही फेरी टाळली की ठरलेली चूक होते. अमावास्येला किंवा पितृपक्षात रामकुंडावर भाविकांचं अन्नदान सुरू असतं. तिथे एकेकाच्या हातात तीन-तीन पुड्या पडतात आणि स्टेशनबाहेरचा माणूस उपाशी झोपतो.

पावसाळ्यात वही नव्याने लिहावी लागते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं, की घाटावर झोपणारे वर सरकतात. त्यांना बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, कारंज्याच्या बाजूला शोधावं लागतं.

[दृश्य : परातीत वाफाळणारे बटाटे, वर पंखा]

आता माल. शंभर सँडविच म्हणजे दोनशे स्लाइस. पाकिटात कामाच्या सोळा धरल्या तर तेरा पाकिटं. फाटक्या-तुटक्या जमेस धरून पंधरा आणावीत. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर वाळतो. बटर एक किलो, तासभर आधी बाहेर काढलेलं. घट्ट बटर स्लाइस फाडतं. ते दोन्ही स्लाइसना काठापर्यंत लावायचं, कारण चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरू न देण्याचं काम तेच करतं. मधोमध एक बोट फिरवून हात आवरला, तर तासाभरात कडा लगदा होतात.

चटणी किलोभर पुरते. कोथिंबीर, पाव किलो दाण्याचा कूट, दोन मुठी डाळं, लिंबू, मीठ. मिरच्या मोजून दहा-बारा, कारण दिवसभर रिकाम्या पोटाला तिखट झेपत नाही आणि रात्री पाणी कुठे मिळेल याची खात्री नसते. कांदा-लसूण घालायचा नाही. घाटावरचे बरेच साधू तो खात नाहीत. वाटताना पाणी जवळजवळ नको. चमचा उलटा केला तरी चटणी पडली नाही, म्हणजे जमली.

सगळ्यात जपायचं ते बटाट्याला. सहा किलो कच्चे घेतले की सोलून पाच किलो सारण होतं, सँडविचला पन्नास ग्रॅम. उकडल्यावर पाणी पूर्ण निथळून, कुस्करून, मोठ्या परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरायचा आणि पंख्याखाली गार करायचा. पातेल्यात तसाच झाकून ठेवला तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि कोमट बटाटा नेमका तिथेच अडकतो. गरम सारण भरून पुडी बांधली तर वाफेने ब्रेड ओला होतो, वर आंबूस वास येतो. काकडी हिवाळ्यात चालते, फडक्याने टिपून. एप्रिल-मेमध्ये ती सोडूनच द्यावी.

[दृश्य : टेबलाभोवती सहा जण]

सहा जणांची रांग पुरते : दोघं बटर लावतात, एक चटणी, एक सारण, दोघं पुड्या बांधतात. ज्याच्या बोटाला कापलेलं आहे त्याने त्या दिवशी वाटपाला जावं, टेबलावर बसू नये. जखमेतल्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मोबाइलला हात लागला की हातमोजा बदलायचा. यावर वाद होतात. होऊ द्यावेत, पण मोजा बदलावा.

पुडी बटर पेपरची. वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते म्हणून ते नको, आणि स्टेपलर तर अजिबात नको : अंधारात पिन घासाबरोबर तोंडात जाते. कागदाची टोकं दुमडून आत खोचली की झालं. क्रेटमध्ये तीनच थर. चौथा ठेवला की तळाचे चपटे होतात. क्रेटवर पहिलं सँडविच भरल्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहायची. तिथून दोन तासांत वाटप संपायला हवं.

[दृश्य : घाटाच्या पायऱ्या, स्टीलचा जग]

देताना वाकून, “काका, जेवलात का?” एवढं विचारलं की पुरे. जेवलेला माणूस नको म्हणतो आणि ती पुडी दुसऱ्याला मिळते. सोमवार-एकादशीला उपासवाले भेटतात, म्हणून बरोबर दोन डझन केळी असावीत. दात नसलेल्या आजीलाही तीच सोयीची. हात थरथरत असतील तर पुडी अर्धी उघडून द्यावी. झोपलेल्याच्या उशाशी पुडी ठेवून निघून येणं दिसायला छान वाटतं, पण तिच्यावर आधी मुंग्या येतात, मग कुत्री, आणि सकाळी उरलंच तर ते शिळं, धोक्याचं अन्न असतं. पाणी स्टीलच्या जगमधून त्यांच्याच बाटलीत भरून द्यावं. रिकामे कागद परत पोत्यात यायला हवेत, गोदावरीत नकोत. आणि खाणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. या चित्रफितीतही फक्त हात आहेत.

दोन तास संपले की उरलेलं कोणालाही द्यायचं नाही, घरीही न्यायचं नाही. किती उरलं ते वहीत त्या जागेपुढे लिहायचं, पुढच्या वेळी तेवढा ब्रेड कमी.

त्याच वहीत आणखी एक रकाना हवा : कोणाला निवाऱ्यात जायचं आहे. केंद्र सरकारच्या, २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याची सोय हवी होती. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजारांचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जवळपास दीड हजार जागा. महापालिकेकडे जागा मागायला जाताना तारखेसह लिहिलेली ही नोंद हातात असावी : कोणती जागा, किती माणसं, त्यांतल्या किती जणांना छप्पर हवं आहे.