मोरचूद मुरलेली माती

(पहाट. बागेच्या कडेला निळा ड्रम.)

१ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. भिजवायचं ते प्लास्टिकच्याच ड्रममध्ये, कारण लोखंडी भांड्यावर तांबं चढतं. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे झोपेतही सांगता येईल. १८८५ साली फ्रान्समध्ये बोर्डोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी केवडा या द्राक्षवेलीच्या रोगावरचा उपाय म्हणून हे मिश्रण जगापुढे आणलं. केवड्यानं बाग बसताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पानावरचं हे निळसर पांढरं बघा. पाऊस ते धुतो, पान गळतं, आणि तांबं मातीत जातं. तिथून ते हलत नाही. वरच्याच थरात, सेंद्रिय कणांना आणि चुनखडीला धरून बसतं. तांबं मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही. छाटणीमागून छाटणी, त्यात भरच पडते. ते मातीतून बाहेर कसं काढायचं, ते आज बघू.

(टेबलावर दोन नरसाळी.)

दोन्हींत एकच माती. मुद्दाम मोरचूद मुरवलेली, मग साध्या पाण्यानं धुऊन घेतलेली. डावीकडे पुन्हा साधं पाणी. उजवीकडे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबाला आंबट करणारं तेच. हा फेस चुनखडीचा. काळ्या जमिनीत बरंच आम्ल तीच खाऊन टाकते, हे आधीच धरून चालावं लागतं. आता खाली उतरलेल्या पाण्यात एकेक लोखंडी खिळा टाकू. डावा आहे तसाच. उजव्यावर मात्र हळूहळू तांबूस पापुद्रा धरतोय.

सायट्रिक आम्लाचा रेणू धातूला दोन-तीन बाजूंनी पकडतो, खेकड्याच्या नांगीसारखा. ‘चिलेट’ हा शब्दच नांगीच्या ग्रीक नावावरून आला. बागेत चिलेटेड झिंक सोडणारा शेतकरी हीच पकड वापरतो, फक्त धातू पिकाला पोचवण्यासाठी. त्या पुडीत बहुधा ईडीटीए नावाचं, धातूला असंच पकडणारं कृत्रिम रसायन असतं. ते मातीत महिनोन्‌महिने टिकतं आणि धातू खाली वाहून नेऊ शकतं. सायट्रिक आम्ल जिवाणू काही दिवसांत फस्त करतात. आम्ही लिंबाच्या बाजूनं आहोत ते म्हणूनच.

सुटलेलं तांबं उचलायचं कोणी? आपल्या मोहरीनं. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ती युरेनियमनं दूषित झालेल्या मातीत वाढवली आणि सायट्रिक आम्ल दिलं. झाडाच्या वरच्या भागात किलोमागे ५ मिलिग्रॅमहून कमी असलेलं युरेनियम ५००० मिलिग्रॅमच्या वर गेलं. तांब्याला एवढी उडी मिळत नाही. वर्षं लागतात, आणि आम्ल जास्त झालं तर सुटलेलं तांबं विहिरीच्या वाटेला लागतं.

(कुंड्या. पिवळी फुलं.)

झाड भरात आलं की आम्ल द्यायचं, थोडं थोडं, ओल बघून. मग दाणे धरायच्या आत मोहरी मुळासकट उपटायची. ही बघा, मुळं झटकून माती कुंडीतच परत टाकली. झाडं वेगळ्या पोत्यात. गुरांपुढे नाही, उकिरड्यावरही नाही. पोत्याचं तोंड बांधलं, आणि त्याच कुंडीत पुन्हा चिमूटभर मोहरी.