खाडीचे 128 काप

(दृश्य: ऐरोलीचा पूल, ओहोटी. चिखलात उभे रोहित पक्षी.)

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून खाली बघितलं, तर पाणी थोडं आणि चिखलच जास्त. सहा तासांनी याच जागी पाणी कांदळवनाच्या फांद्यांना लागलेलं असतं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं. ठाण्याची खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब आहे आणि हा श्वास तिच्यात रोज चालू असतो.

उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर पाणी कुठे आणि किती चढेल? घणसोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीनं एम.टेक.साठी हा प्रश्न घेतला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती अगदी लहान होती. पण कळव्याच्या घरात पाणी कुठवर आलं होतं, ते तिची आजी अजूनही भिंतीवर हात ठेवून दाखवते.

(दृश्य: कॉलेजची सर्व्हर रूम. एसीचा आवाज. निळे दिवे.)

हे गणित एका लॅपटॉपच्या आवाक्यातलं नाही. म्हणून कॉलेजचा क्लस्टर, म्हणजे एकमेकांना जोडलेली बरीच मशीन. इथल्या प्रत्येक मशीनला नोड म्हणतात, एका नोडमध्ये 32 कोर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग. तिला चार नोड मिळाले, म्हणजे 128 कोर. मग तिनं खाडीचे आडवे 128 काप केले, एकेक काप साधारण 200 मीटरचा. प्रत्येक कोरवर प्रोग्रामची एक प्रत चालते. तिला प्रोसेस म्हणायचं आणि तिच्या क्रमांकाला रँक. पहिली रँक 0, शेवटची 127.

यातल्या कुणालाही दुसऱ्याची मेमरी दिसत नाही. पण पाणी काही कापाच्या रेषेवर थांबत नाही. भाताच्या खाचरांसारखंच आहे हे. वरच्या खाचरातून किती पाणी उतरतंय ते कळल्याशिवाय खालच्याचा हिशोब लागत नाही. म्हणून दर पावलाला, म्हणजे गणितातल्या वेळेच्या दर टप्प्याला, प्रत्येक प्रोसेस आपल्या काठावरचे आकडे शेजाऱ्याला पाठवते आणि त्याचे आपल्याकडे घेते. ही देवाणघेवाण कशी करायची याचे ठरलेले नियम म्हणजे एमपीआय, मेसेज पासिंग इंटरफेस.

त्याचं पहिलं प्रमाणित रूप 1994 साली आलं. त्याआधी जवळपास प्रत्येक कंपनीच्या मशीनची बोली वेगळी होती. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला, तोही निरोपांवरच चालणारा: ट्रान्सप्यूटर चिपा एकमेकींना जोडलेल्या आणि दुव्यांवरून संदेश जाणारे.

(दृश्य: टर्मिनल. एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते.)

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर एक ओळ 128 वेळा आली: ‘मी रँक 0, आम्ही एकूण 1.’ प्रत्येक प्रोसेसला वाटत होतं की खाडीत आपण एकटेच आहोत. एमपीआयचे नियम पाळणाऱ्या तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम कंपाइल केला होता, म्हणजे मशीनच्या भाषेत आणला होता, एका एमपीआय लायब्ररीवर आणि सुरू केला होता दुसरीच्या एमपीआयरन या आज्ञेनं, त्यामुळे कुणाची कुणाशी ओळखच झाली नाही. क्लस्टरला दिलेल्या कामाला जॉब म्हणतात. जॉबच्या फाइलमध्ये योग्य मॉड्यूल लोड केल्यावर, म्हणजे दोन्हीकडे एकच लायब्ररी निवडल्यावर, रँक नीट लागल्या. हे बहुतेकांच्या वाट्याला येतं, आणि ती ओळ छापून बघायची सवय असेल तर पाच मिनिटांत सापडतं.

पुढचं मात्र सापडायला एक रात्र गेली.

(दृश्य: रात्र. घणसोली स्टेशन, ठाण्याकडे जाणारी लोकल.)

छोटी चाचणी उत्तम चालली होती. गणितासाठी पाण्यावर कल्पिलेल्या जाळीच्या काठावर 100 चौकटी, प्रत्येकीचे आठ-आठ बाइटचे तीन आकडे: पाण्याची पातळी आणि दोन दिशांचा वेग. एकूण 2400 बाइट. मग तिनं जाळी बारीक केली. काठावर 5000 चौकटी, म्हणजे 1,20,000 बाइट. वेळ मागितला 24 तास. क्लस्टरवरचे जॉब रांगेनं लावणाऱ्या प्रोग्रामचं नाव स्लर्म. त्याच्या रांगेत जॉब लागला, संध्याकाळी सुरू झाला आणि ती घरी गेली.

सकाळी ज्युनियरचा फोन आला. त्यालाही चार नोड हवे होते, रात्रभर तो रांगेत होता.

“ताई, तुझा जॉब खरंच पुढे सरकतोय का गं?”

सरकतच असणार, असं तिला वाटलं. यादीत तो चालू दिसत होता. नोडवर जाऊन बघितलं तर 128 च्या 128 कोर 100 टक्के कामात. पण निकालाच्या फाइलवर शेवटची वेळ होती रात्री 9:12. त्यानंतर एक अक्षरही नाही.

इथे आम्ही कॅमेरा बराच वेळ त्या स्क्रीनवर ठेवला आहे. एमपीआयमध्ये निरोपाची वाट बघणारी प्रोसेस सहसा झोपत नाही. ‘आला का, आला का’ असं न थांबता विचारत राहते. त्या विचारण्यातच कोर पूर्ण वापरला जातो. म्हणून अडकलेला जॉब आणि राबणारा जॉब बाहेरून सारखेच दिसतात.

तो का अडकला, ते डीबगरनं, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावणाऱ्या साधनानं दाखवलं. सगळ्या प्रोसेस ‘सेंड’वर उभ्या होत्या. तिचा क्रम असा होता: आधी दोन्ही शेजाऱ्यांना पाठवायचं, मग दोघांकडून घ्यायचं. निरोप छोटा असला की लायब्ररी तो स्वतःच्या जागेत ठेवून घेते आणि पाठवणारा मोकळा होतो. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असला की समोरचा घ्यायला तयार होईपर्यंत थांबावं लागतं. आणि समोरचाही पाठवायलाच उभा! दोघांच्या हातात भरलेलं ताट, दोघंही म्हणतात आधी माझं घे, आणि धरायला हात कुणाचाच रिकामा नाही. चाचणीतल्या 2400 बाइटांनी ही चूक झाकून ठेवली होती.

तिनं आधी स्वतःचा जॉब रद्द केला. मग क्रम बदलला. आता दोन्हीकडून घेण्याची तयारी आधी सांगून ठेवायची, आयरिसीव्हनं. मग आयसेंडनं पाठवायचं. या दोन्ही आज्ञा निरोप पोचेपर्यंत थांबत नाहीत. निरोप वाटेत असताना आपल्या कापाच्या मधल्या भागाचं गणित उरकायचं, आणि शेवटी वेटऑल, म्हणजे सगळे निरोप पुरे होईपर्यंत थांबायचं. मधल्या भागाला शेजाऱ्याची गरज नसतेच, त्यामुळे थांबण्यातला बराच वेळ कामी आला.

256 कोर घेऊन बघावेत असंही तिला वाटलं होतं. पण काप 100 मीटरचा झाला तरी काठ तेवढाच राहतो. काम निम्मं, निरोप तेवढेच. ती 128 वरच राहिली आणि उरलेले नोड इतरांना मोकळे राहिले. वेळही तिनं आता 24 तासांऐवजी 7 तासच मागितला. वेळ नेमका मागितला, तर स्लर्म मोठ्या जॉबांच्या मधल्या फटीत लहान जॉब बसवू शकतो.

(दृश्य: लॅब. दोन खुर्च्या एका स्क्रीनसमोर.)

जॉब रद्द केला त्या सकाळी तिनं ज्युनियरला फोन लावला आणि म्हणाली, “बघ आता.” त्यानं यादी पुन्हा काढली. त्याच्या ओळीत रात्रभर ‘पीडी’ होतं, म्हणजे ताटकळत. तिथे ‘आर’ आलं होतं. आणि त्याच्या फाइलमध्ये पहिली ओळ उमटली: ‘मी रँक 0, आम्ही एकूण 128.’