रंगांच्या रिअ‍ॅक्टरसाठी फ्लेक बर्फाचं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार. फ्लेक बर्फ, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा बर्फ, म्हटलं की मासळी किंवा काँक्रीट आठवतं. अझो रंगांच्या, म्हणजे एका प्रकारच्या कृत्रिम रंगांच्या कारखान्यात मात्र हा बर्फ थेट रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रासायनिक क्रियेच्या टाकीत, आम्लाच्या द्रावणात पडतो. डायझोटायझेशन, म्हणजे रंगासाठी लागणारा डायझोनियम क्षार बनवण्याची क्रिया, बहुतेक वेळा ० ते ५ अंश सेल्सिअसला करतात. तापमान वर सरकलं की हा क्षार फुटतो, नायट्रोजन सुटतो, फिनॉल आणि डांबरट घाण तयार होते आणि रंगाची छटा बिघडते. जॅकेटमधून, म्हणजे टाकीभोवतीच्या थंड द्रवाच्या आवरणातून, उष्णता हळू निघते. दोन मिलिमीटरचे पापुद्रे मात्र पडताक्षणी वितळू लागतात. शिवाय फोडलेल्या लादीचे तुकडे आतल्या काचेच्या अस्तराला टवका पाडू शकतात.

आता हिशेब. ३० अंशांचं पाणी ५ अंशांवर आणायचं आहे आणि शेवटी एकूण वजन १००० किलो हवं आहे. उणे ५ अंशांचा एक किलो बर्फ ५ अंशांचं पाणी होईपर्यंत साधारण ३६५ किलोज्यूल उष्णता घेतो. त्यावरून बर्फ लागतो सुमारे २२३ किलो. म्हणजे सुरुवातीला पाणी ७७७ किलोच घ्यायचं. नाहीतर द्रावण पातळ होतं आणि रिअ‍ॅक्टर भरून वाहतो. क्रियेची उष्णता प्रयोगशाळेत मोजून वेगळी धरा.

समजा, तीन टनांच्या बॅचला सगळं मिळून ८०० किलो बर्फ लागतो, तोही अर्ध्या तासात, आणि दर आठ तासांनी एक बॅच होते. दिवसाची गरज फक्त २.४ टन. पण त्या अर्ध्या तासाच्या वेगानं बर्फ बनवायचा तर दिवसाला ३८ टनांचं यंत्र लागेल! म्हणून यंत्र छोटं आणि साठवणपेटी मोठी, हीच जोडी परवडते. एक टन सुटा फ्लेक बर्फ सव्वादोन घनमीटरच्या आसपास जागा घेतो. पेटीला स्वतःचं शीतकरण आणि आत फिरणारा दाताळा हवाच. थांबलेला बर्फ एकमेकांना चिकटतो, तोंडाशी कमान धरतो, आणि ऐन वेळी पेटी भरलेली असूनही खाली काही पडत नाही.

जाहिरातीतली क्षमता बहुधा थंड पाण्यावर मोजलेली असते. १५ अंशांऐवजी ३० अंशांचं पाणी दिलं, तर दर किलोमागचं काम साधारण १५ टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे आपल्या २.४ टनांसाठी ३ टनांचं यंत्र धरा, किंवा पाणी आधी थंड करा.

पाण्याबद्दल आणखी एक. यंत्रात थंड ड्रमवर पाणी गोठतं आणि ब्लेड तो बर्फ खरवडतं. अगदी शुद्ध, क्षाररहित पाण्याचा बर्फ ड्रमला घट्ट धरतो आणि ब्लेडवर ताण येतो. काही उत्पादक पाण्यात किंचित मीठ सोडायला सांगतात. ते तुमच्या रंगाला चालेल का, हे रसायनज्ञानं ठरवायचं, यंत्र विकणाऱ्यानं नाही. गंजामुळे बर्फात लोह आलं तरी छटा मळते, म्हणून पाणी आणि बर्फ ज्याला लागतो तो प्रत्येक भाग स्टेनलेस असावा; ३१६ प्रतीचा असेल तर उत्तम. क्लोराइडपुढे तोही अभेद्य नाही.

मात्र यंत्र सर्वात जास्त मरतं ते वाफांमुळे. रिअ‍ॅक्टरमधून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या आणि नायट्रोजन ऑक्साइडच्या वाफा बर्फाच्या नळीतून उलट वर चढतात, पेटीतल्या ओलाव्यात मुरतात आणि कंडेन्सरचं तांबं व अ‍ॅल्युमिनियम खातात. यंत्र वेगळ्या खोलीत, वारा यंत्राकडून रिअ‍ॅक्टरकडे वाहील अशा बाजूला ठेवा. बर्फ स्क्रू कन्व्हेयरनं आणा, आणि नळीच्या तोंडाशी फक्त बर्फ पडताना उघडणारी झडप बसवा. मोजमाप लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या संवेदकावर), वजनानं, फावड्यांनी नाही.

यंत्र ताब्यात घेण्याआधी बर्फाचा कोरडेपणा, म्हणजे त्यात न गोठलेलं पाणी किती आहे, ते तपासा. उष्णतारोधक भांड्यात ३० अंशांचं १० किलो पाणी घ्या, त्यात यंत्रातून नुकताच पडलेला २ किलो बर्फ ढवळा. उणे ५ अंशांचा कोरडा बर्फ असेल, तर तापमान ११ अंशांच्या थोडं वर थांबेल. १४ अंशांवर अडकलं, तर त्या वजनात जवळपास पाचवा हिस्सा नुसतं पाणी आहे: ड्रमवर पाणी जास्त सुटतंय, किंवा ड्रम पुरेसा थंड होत नाहीये. ही चाचणी यंत्र सलग काही तास चालवल्यावर, दुपारच्या उन्हात घ्या, आणि पैशांचा शेवटचा हप्ता तिच्या निकालाला बांधा.