‘प्रोरोग’: मुदत वाढवणारं क्रियापद अधिवेशन संपवू कसं लागलं?

इंग्रजीतलं एक क्रियापद, ‘प्रोरोग’. उच्चारताना जोर ‘रोग’वर द्यायचा; शेवटची ‘यू’ आणि ‘ई’ ही अक्षरं मुकी. आज ते जवळजवळ फक्त संसदेबद्दल किंवा विधिमंडळाबद्दल वापरलं जातं. अर्थ असा: सभागृह विसर्जित न करता त्याचं अधिवेशन औपचारिकपणे संपवणं. कायद्याच्या मराठीत, सत्रसमाप्ती करणं.

मूळ अर्थ मात्र नेमका उलटा. लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणं, कौल मागणं. प्राचीन रोममध्ये अधिकाराची मुदत वाढवण्यासाठी हे क्रियापद होतं. इसवी सनापूर्वी ३२७ साली कॉन्सल, म्हणजे एका वर्षासाठी निवडलेला रोमचा सर्वोच्च अधिकारी, असलेला पब्लिलियस फिलो नेपल्सला वेढा घालून बसला होता. त्याचं वर्ष संपत आलं, शहर काही पडेना. मग त्याला परत न बोलावता सेनेचा अधिकार त्याच्याकडेच ठेवला गेला. असं पहिल्यांदाच घडलं, असं इतिहासकार लिव्ही नोंदवतो.

फ्रेंचमार्गे हा शब्द पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. मुदत लांबवणं, मग काम पुढच्या तारखेवर ढकलणं, आणि काम पुढे ढकलायचं म्हणजे आज थांबवायचं. अर्थ असा सरकत गेला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘तहकूब’शी. सभागृह तहकूब झालं तरी अधिवेशन चालूच असतं. ‘प्रोरोग’ करण्याचा अधिकार राष्ट्रप्रमुखाचा: ब्रिटनमध्ये राजाचा, भारतात अनुच्छेद ८५ नुसार राष्ट्रपतींचा, आणि दोन्हीकडे तो सरकारच्या सल्ल्यानेच वापरला जातो. परिणाम मात्र सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये अपुरी राहिलेली विधेयकं, पुढच्या अधिवेशनात नेण्याचा ठराव झाला नसेल, तर बाद होतात. भारतात अनुच्छेद १०७ सांगतो की सत्रसमाप्तीमुळे विधेयक व्यपगत, म्हणजे बाद, होत नाही. ब्रिटिश बातमी वाचून भारताबद्दल अंदाज बांधला, तर तो इथेच चुकतो.

या क्रियापदाला खरी धार आली २०१९ मध्ये. ब्रिटिश संसद सुमारे पाच आठवड्यांसाठी ‘प्रोरोग’ केली गेली. २४ सप्टेंबरला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती कृती बेकायदा ठरवली. राजाज्ञा घेऊन आलेल्यांच्या हातात जणू कोराच कागद होता, असं निकालात म्हटलं आहे. म्हणजे अधिवेशन कायद्याच्या दृष्टीने संपलंच नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी सभागृहं पुन्हा भरली.